काही न सोडणारी माती

३ नोव्हेंबर
आलो एकदाच्या! सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाचं भांडं सापडलं म्हणजे संसार लागला. दोन खोल्या, मोरी, मागे हातभर अंगण आणि कुंपणापलीकडे बॅटऱ्यांचा बंद पडलेला कारखाना. त्या जागेवर घरं बांधायची आहेत, म्हणून माती तपासायला मला नेमलंय. प्रयोगशाळा पुढच्याच खोलीत. कामावर जायचं म्हणजे चपला बदलायच्या, बस्स.

धाकटी बहीण बरोबर आलीय. तिला चौथा महिना लागलाय आणि नवरा जहाजावर. आधीची दोन्ही टिकली नाहीत. आई गेल्यापासून तिचं सगळं मीच केलं, हेही मीच करणार. खरं तर तिला अशा जागी आणू नये, पण ठेवू कुठे? अंगणातली माती आल्या आल्या तपासली. शिसं आहे, पण घट्ट बसलेलं. अंगणात पाय ठेवायचा नाही, असं बजावलंय. तिने खिडक्या उघडल्या आणि मलाच झोपायला पिटाळलं. ताई, तुझा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा दिसतोय, म्हणाली. दिसत असणारच.

९ नोव्हेंबर
जेवताना तिने विचारलं, दिवसभर करतेस तरी काय. सांगितलं, इथली चिकणमाती भारी कंजूष आहे. शिसं एकदा हाती लागलं की सोडायचं नाव नाही, कितीही पाऊस पडो. मग मी बाटलीत माती घेते, वर ॲसिड ओतते आणि नाइलाजाने ती किती सोडते ते मोजते. आंबट लागलं की सुटतं, एवढंच माझं शास्त्र. इतकी वर्षं ही धूळ खाऊन माझ्याही हाडांत शिसं बसलंय. डॉक्टरीणबाई दर तपासणीला तोंड वाकडं करतात. हाडंही मातीसारखीच, धरून ठेवतात. मी आपली हसत सांगत होते, ती हसली नाही. ही माती खरंच काही सोडत नाही का, असं तिने पुन्हा विचारलं आणि ताटात नुसती बोटं फिरवत बसली.

१७ नोव्हेंबर
वापरलेलं ॲसिड न्यायला गाडी यायची होती, आली नाही. फोन केला की उद्या. कॅन काठोकाठ भरलेत, वाफेने तिला ठसका लागतो. शेवटी अंगणाच्या कोपऱ्यात ओतून दिलं. वर चुना टाकायला हवा होता, तेवढ्याने सगळं जागच्या जागी बसलं असतं. पोतं दारातच आहे. पण कंबर अशी धरली होती की म्हटलं, उद्या बघू.

२६ नोव्हेंबर
तिच्या नखांत माती दिसली. ओठांच्या कोपऱ्यातही. मी अशी ओरडले की शेजारच्या बाई डोकावल्या. तिने शांतपणे सांगितलं की डोहाळे आहेत, आणि कोपऱ्यातली माती छान आंबट लागते. ही माती काही सोडत नाही असं तूच म्हणालीस, मग हिच्या जोरावर हे तरी पोटात टिकेल, म्हणाली. अगं वेडे, म्हटलं, मी शिशाबद्दल बोलत होते!

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाळ उत्तम आहे. नको इतकं उत्तम, असं त्या पुटपुटल्या.

४ डिसेंबर
अंगणाच्या दाराला कुलूप घातलं. चुनाही टाकला, आता टाकून काय उपयोग. पुन्हा नमुने घेतले. कोपऱ्यात शिसं नाही. कारखान्याच्या आवारातलंही निम्म्यावर आलंय. साहेब फोनवर खुश. मी खुश नाही. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. ते इथून सुटलं तर कुठेतरी जाऊन बसणारच.

११ डिसेंबर
तिच्या हिरड्यांवर निळी-काळी रेघ आलीय. आज पलंग मोडला. ती नुसती कुशीवर वळली होती. तिचं रक्त तपासणाऱ्यांचा फोन आला, नमुन्यात गफलत झालीय म्हणे, एवढं शिसं असलेलं माणूस जिवंत राहत नाही. ती शेजारी बसून बाळाचं टोपडं विणत होती. गुणगुणत होती. मला रडू आलं. मी थकले गं बाई.

१५ डिसेंबर
कुलूप तसंच आहे. पण तिच्या अंथरुणाखालची फरशी उचकटलीय, खाली खड्डा, पार कुंपणापलीकडे गेलेला. कधी खणला? कशाने?

तिच्या पोटावर हात ठेवला. गार. आतून काहीतरी आलं आणि माझं बोट धरलं. पोटाच्या कातडीसकट. सोडेना. ती म्हणाली, बघ ताई, कसं घट्ट धरतंय. किती आनंद झाला होता तिला.

१८ डिसेंबर
तिला दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. चौघांनी तिला उचलून पाहिलं. हलली नाही. ते पळाले—डॉक्टरीणबाई फोन उचलत नाहीत—

सगळं आवार साफ. कणभर शिसं नाही. साहेब म्हणे, कमाल केलीत.

तिला सोडून मी कुठे जाऊ?

१९ डिसेंबर
माती संपली. पोटात तो रडतोय म्हणते. मला काही ऐकू येत नाही, फक्त दात शिवशिवतात—

दुपारी तिने मला जवळ बोलावलं. गेले. माझीच ती, जाणार नाही तर काय—

उजवं मनगट तिच्या हातात आहे. डाव्या हाताने लिहितेय. सोड म्हटलं. सोडत नाही. हाडांचं तिला मीच सांगितलं होतं. हसत हसत. आंबट लागलं की—

तिने ओठ टेकवलेत मनगटावर. लाळ चुरचुरते. रडतेय बिचारी, माफ कर म्हणतेय, ताई, एवढ्या वेळी हे टिकू दे म्हणतेय—

दुखत नाही. आतून नुसतं सुटत चाललंय. किती हलकं—बोटं आता वळतच ना