सातवा तुकडा

२८ एप्रिल १९६३, रविवार. नवापूर

आखाजीचा सण आटोपला आणि आज छगनच्या घरी कायमची राहायला आले. तापीकाठचं गाव सोडताना शेजारणी रडल्या, मी नाही. इथे घर पक्कं आहे, ओटा झाडलेला असतो, सून शोभा चहात दूध हात न आखडता घालते. नात रंजी सहा वर्षांची, माझ्यासारखीच तोंडाळ. ही वही तिनेच दिली. म्हणाली, मोठी माय, बायांच्या वर्गात शिकलीस ना, मग लिहून दाखव. लिहिते.

छगन शाळेत विज्ञान शिकवतो. बैठकीत त्याने काचेची पेटी मांडली आहे. आत खारं पाणी, दोन पिवळे मासे आणि मधोमध भोकाभोकांचा दगड. पाणी न् दगड समुद्रावरचे, हिलाल गार्ड रेल्वेने डबे भरून आणतो. पाण्यात हवा सोडायला विसरवाडीहून ट्रकची जुनी ट्यूब आणली आहे. इथे प्यायच्या पाण्याला बाया विहिरीवर भांडतात आणि माझा लेक दर्या मागवतो! त्याला विचारलं, दगडाचं एवढं कौतुक कशाला? म्हणे, माय, हा जित्ता दगड शे. मी म्हटलं, मग भाकरी टाकावी लागत असेल. शोभा पदरात हसली. म्हणाली, सुकट टाकावी लागते.

३० एप्रिल, मंगळवार

दुपारी ऊन फार म्हणून शोभाने पेटीवर गोणपाट टाकलं. मासे काय करतात म्हणून मी कोपरा उचलला. दगडाच्या भोकातून एक किडा निघाला होता. वीतभर बाहेर, बाकीचा आत. रंग सोललेल्या जिभेचा. दोन्ही बाजूंनी पांढरी कुसं, हजार पायांनी चालल्यासारखी हलणारी. उजेड पडला तसा सरकन आत गेला, नाकातला शेंबूड ओढावा तसा.

दुपारचं जेवले नाही.

छगन म्हणाला, असे किडे दगडाबरोबर येतातच, ते उष्टं-खरकटं खातात, अंधार झाला की निघतात. संध्याकाळी एका माशाचं अर्धं अंग नव्हतं. मग छगनचं तोंड उतरलं.

२ मे, गुरुवार

छगनने अरुंद तोंडाच्या बाटलीत बोंबिलाचा तुकडा घालून ती दगडाशी ठेवली होती. सकाळी किडा आत वेटोळं करून बसलेला. छगन शाळेच्या कामाला नंदुरबारला निघाला, जाताना बजावून गेला की माय, याला कापू नको, हात लावू नको, गोड्या पाण्यात बुडव, मरेल.

गोडं पाणी! कळशीभर पाण्यासाठी शोभा तासभर उभी राहते, ते मी या घाणीला देऊ? आमच्या नदीकाठी जळू लागली तर काय करतात ते मला ठाऊक आहे. विळीवर धरून चिरला. सात तुकडे झाले. कापताना कुसं बोटांत गेली, खाजकुइलीसारखी आग. आतून पिवळं पाणी आलं, सडक्या अंड्याच्या वासाचं. तुकडे मातीच्या परळात घातले, वरून मूठभर खडेमीठ टाकलं, झाकण ठेवलं. मरा म्हटलं.

विळी धुवायला पाणी कुठलं, राखेने कोरडीच घासली. मग तिच्यावरच कैऱ्या चिरल्या आणि मिठाच्या पाण्यात घालून बरणी भरली. रंजीला खारातल्या कैऱ्या फार आवडतात.

५ मे, रविवार

परळ टाकायला उघडला. मीठ ओलं झालं होतं. तुकडे मेले नव्हते. प्रत्येकाला नवं टोक फुटलं होतं, पारदर्शक, मिठात तोंड खुपसून.

छगन डोकं धरून बसला. म्हणाला, माय, तो समुद्रातला जीव, त्याला मीठ म्हणजे आईचं दूध, आणि कापला की तुकड्यागणिक नवा होतो. मी चिमट्याने एकेक उचलून चुलीत टाकला. चर्र झालं.

सहा होते. मी सात केले होते.

९ मे, गुरुवार

घर उलटंपालटं केलं. नाही मिळाला. बोटं सुजलेलीच.

आज बरणी उघडली. निम्म्याच कैऱ्या. रंजी रोज दुपारी चोरून खाते म्हणे. परवा भाकरीबरोबर दोन फोडी मीही खाल्ल्या. तळाला एक फोड आतून कोरलेली, नुसती साल. सालीला पांढरं कुसळ.

विळी. मी विळी धुतली नव्हती—

छगनला आज नको. उद्या सांगेन.

११ मे, शनिवार

सांगितलं. तो डॉक्टर आणायला स्टेशनकडे पळाला. शोभा विहिरीवर गेली. रंजी सकाळपासून मीठ मागते. मन्हा गयामा काहीतरी चाली ऱ्हायनं, म्हणते, गळ्यावर बोट फिरवून दाखवते. बरणीचं खारं पाणी प्यायली, मी ओढून घेतली तर चावली. गोडं पाणी ओठाला लावलं की अंग ताठ करते, उलटी करते. उलटीत बारीक, पांढरं—

तोच दिवस, दुपारी

ताप आहे. ऊन लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट टांगलं. खोली गार झाली. अंधारली.

मी टांगलं. माझ्या हाताने. अंधार झाला की ते—

गोणपाट ओढून फेकलं. तिच्या ओठावर काहीतरी होतं, सरकन आत गेलं. जीभ नव्हती. जीभ मी पाहिली, ती खाली होती.

शेवटचा तांब्या उरलाय. गोडं पाणी. प्यायलं की मरतो, छगन म्हणाला होता. मी कापायच्या आधीच म्हणाला होता. पोरगी दात आवळून बसली आहे. म्हणते, मोठी माय, तू पी आधी.

प्यायले. तिला दाखवायला, एक घोट. विस्तव गेल्यासारखा— आणि घशात, माझ्याच, काहीतरी वळलं, वर—

रंजी बघते आहे. तांब्या सोडायचा नाही. अजून एक घो