सुमनचं चित्र काढताना

४ जाने., अहमदपूर
सुमनचं चित्र तिसऱ्यांदा फसलं. गेलेल्या माणसांची चित्रं काढण्यात तीस वर्षं गेली. लोक फोटो देतात आणि वर सांगतात, "जरा गोरं करा, पेंटर." हाताला तीच खोड लागली. माझी सावळी बायको कॅनव्हासवर भलत्याच घरची गोरीगोमटी बाई होऊन बसली आहे. वर्षश्राद्ध मार्चात. त्याआधी चित्रात ती तिच्यासारखी दिसली पाहिजे.

११ जाने.
एस.टी.नं लातूर. रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर. चित्र बघून म्हणाले, "हात लई सफाईचा हाय. पांढऱ्याची ट्यूब तेवढी इथं ठिवून जा. आन् महिनाभर गुळाचा खडा रंगवा." या वयात शिकवणी! राग आला. ट्यूब ठेवली.

१९ जाने.
गुळाचा खडा, चार वेळा. चारही वेळा चिखल.

१ फेब्रु.
सर : "गुळाच्या सावलीत हिरवा दिसायलाय का?" नाही दिसला. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईच्या हाताकडे बघत बसलो. तिनं पदर ओढून घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हिरवा होता.

१५ फेब्रु.
गूळ जमला. अगदी खडबडीत, तांबूस. दाखवावा तर घरात कोण आहे? शेवटी समोरचा खडाच खाऊन टाकला.

८ मार्च
रंग सापडला! कपाळ, गाल, कानामागचा काळसरपणा. फोटोत ओठ पुसट आहेत, ते आठवणीतून काढले. समोर बसून राहिलो. ती जाऊन वर्ष होत आलं, पण आज जितकं एकटं वाटलं तितकं कधी नाही.

१४ मार्च
लेक रेखा नायगावहून आली. चित्रापुढे रडली. "आईच हाय, आप्पा." मग जवळ जाऊन म्हणाली, "ओठ असेच मिटून बसायची तुमच्यासमोर. तुम्ही बाहेर गेलात की लई हसायची." तिनं सहज सांगितलं. 

१५ मार्च
परवा वर्षश्राद्ध. सकाळी ओठ खरवडले. रेखाला म्हटलं, "कशी हसायची, सांग." ती सांगत होती, आधी डोळे बारीक व्हायचे, मग खांदे हलायचे, मग पदर तोंडाला. मी ब्रश घेऊन उभा. मला काहीच दिसेना. इतकी वर्षं एका घरात, आणि एकदाही...
रेखाला माझी दया आली असावी. "ऱ्हाऊ द्या आप्पा. आधी होतं तेच बरं होतं."
ते तर मी खरवडून टाकलंय.