दुसऱ्या छत्रीचा दोरा

मंगळवार, २० नोव्हेंबर १९३४

दादूचं डोकं ठिकाणावर नाही! बलूनवाल्यांच्या खेळाबरोबर गावोगाव हिंडून आठ महिन्यांनी भाऊराया घरी आलेत. रविवारी मांडवीच्या किनाऱ्यावर बलूनमधून उडी मारणार म्हणे. आणि पोटावर बांधायची दुसरी हवाई छत्री शेवटची कधी उघडली, ते आठवत नाही! अख्खा पावसाळा पिशवीत बंद. पहिली उघडली नाही तर जीव हिच्यावरच ना? पिशवीला हात लावला तर अंगावर आला. "माले, ती उघडायची नाय! पहिलीवर भरवसा नाय असा अर्थ होतो." अर्थ म्हणे!

बुधवार, २१

उघडली. तो मिरकरवाड्यात गप्पा छाटायला गेला होता तेव्हा.

ओल्या तरटाचा वास. घडीला घडी चिकटलेली, काळी बुरशी, एका जागी बोट आरपार गेलं. रागानं रडूच आलं. तशीच उचलून खेळाच्या मॅनेजरला दाखवली, तर तो हसला. "बाई, पाच वर्षांत दुसरी कधी लागली नाही." लागली नाही म्हणून कुजू द्यायची? त्याच्याच पोटावर बांधा आणि द्या ढकलून!

गुरुवार, २२

पडवीत सावलीला पसरली, उन्हानं रेशीम विरतं. सगळ्या दोऱ्या हाताखालून घातल्या, दोन बदलल्या. कुजलेलं कापून दादूच्या जुन्या हवाई छत्रीचं ठिगळ लावलं. आप्पांनी चाळीस वर्षं गलबतांची शिडं शिवली, आता दिसत नाही, पण बोटांनी शिवण चाचपतात. "दोरा मेणवलास ना गो?" मेणवला. या घरात कोऱ्या दोऱ्याला कुणी सुई दाखवत नाही.

दादू बघून गेला.

शनिवार, २४

शेवटी घड्या घालायला आला. "पिशवीचं तोंड एकेरी, कच्च्या दोऱ्यानं बांध. कडी ओढली की तो तटकन तुटला पायजे. नायतर छत्री बाहेरच येत नाय." एवढं कळतं, आणि बुरशी कळत नाही! मी बोलले, तो बोलला, आप्पा दोघांवर ओरडले. भांडता भांडताच पिशवी बांधली.

रविवार, २५

पहिलीच उघडली.

वाळूवर उतरला, लोकांनी खांद्यावर घेतला. तिथून माझ्याकडे बघून ओरडतो, "बघ! दुसरी लागली काय?" सगळे हसले. तो मॅनेजरसुद्धा! माझे कान तापले. मूर्ख! जिवंत आहे, मूर्ख!

सोमवार, २६

पिशवीला खारं पाणी लागलं होतं, म्हणून सकाळी उघडायला घेतली. कडी ओढली. दोरा तुटेना. पिशवीवर पाय देऊन दोन्ही हातांनी ओढली. तरी नाही.

कातरीनं कापला. दुहेरी. मेणवलेला. शनिवारी मीच बांधला होता.

दादू बाहेरून चहासाठी हाका मारतोय. कोणत्या तोंडानं जाऊ?