प्रेशर झिरो

३ मे १९७८, बुधवार

काटा पुन्हा पडला! सक्करदऱ्याहून निघालो तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा चाळिसावर होता. दिघोरीपर्यंत वीस. पुढे उन्हात जरा दामटली तर पार दहाच्या खाली, आणि तिथंच थरथरत बसला. गाडी थंड झाली की शहाण्यासारखा वर येतो. गरम झाली की पडतो.

पिकअप धोंडबा मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. त्याने बॉनेटही उघडलं नाही. तोंडात तंबाखूचा खर्रा. काट्यावर टिचकी मारून म्हणाला, "इंजिन तुह्यं वाघ आहे, रुपराव. काटाच खोटं बोलून राहिला."

काटा बदलला.

४ मे

नवा काटाही पडला. धोंडबा म्हणतो, नवा काटाही खोटं बोलतो.

६ मे

आता जाड ऑइल टाकून पाहिलं. सकाळी काटा बरा होता, दुपारी पुन्हा तेच. इंजिनातून बारीक टकटक येते — कोणी आतून दार वाजवतंय असं वाटतं. धोंडबाला ऐकवलं. तो म्हणे, मला काही ऐकू येत नाही. तो डाव्या कानाने बहिरा आहे, आणि डावाच कान लावून ऐकत होता!

लग्नसराई ऐन भरात. आमच्या बिछायत केंद्राचं सगळं या एका गाडीवर — सतरंज्या, खुर्च्या, कनाती, स्वयंपाकाचे मोठे गंज. बुधवारी उमरेडला नानाजींच्या मुलीचं लग्न आहे. नानाजी हातमागावर लुगडी विणतात. साधा, भला माणूस. भांडी वेळेवर पोचली नाहीत तर वऱ्हाडाला काय ओंजळीत वाढतील?

बायको यमु म्हणाली, "भैय्याजींची गाडी मागा न एक दिवस."

मी जेवणावरून उठलो. भैय्याजी! लहानपणापासून एका ताटात जेवलो, धंदा भागीत काढला, आणि बोर्डावर कोणाचं नाव आधी यावर फाटलं. तो म्हणे 'भैय्या-रुप', मी म्हणे 'रुप-भैय्या'. रंगारी डबा घेऊन शिडीवर उभा होता, शेवटी कंटाळून उतरून गेला. तेव्हापासून बोलणं नाही. त्याने दोन गल्ल्या सोडून आपलं वेगळं बिछायत केंद्र काढलं. समोरून आला की तो आभाळाकडे पाहतो, मी चपलांकडे.

प्रयागबाई आत्या ओसरीवरून म्हणाली, "माणसाले काय न् मशिनीले काय, मे महिन्यात गरमी होतेच बाप्पा." तिचं आपलं काहीतरी.

८ मे

धोंडबा आता म्हणतो, ऑइलचा पंप खराब असावा. खालचं चेंबर उघडावं लागेल, गाडी आठवडाभर सोड. मी म्हटलं, परवा लग्न आहे, सोडू कुठून? तो म्हणाला, "मंग असं कर. हळू चालव, न् काट्याकडे पाहूच नको."

हा सल्ला!

९ मे, मंगळवार, सकाळी

निघतो आहे. मारोतराव हमाल सोबत आहे. त्याने आपली टोपी काट्यावर टांगली. म्हणे, "आता नाही दिसत."

११ मे, गुरुवार

परवाचं आज लिहितो. परवा लिहिण्यासारखी गत नव्हती.

पाचगावच्या अलीकडे टकटक वाढून खडखड झाली. मारोतराव म्हणे, मागचे गंज वाजताहेत. मी टोपी काढली — काटा झिरो! ब्रेक मारायच्या आत खालून एक दणका बसला, धूर आला, आणि इंजिन जागच्या जागी जाम. हँडल घालून दोघं लोंबकळलो. तसूभर हललं नाही.

उन्हात चिटपाखरू नाही. नागपूरकडे जाणारी एसटी आली, ती हात दाखवून थांबवली. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. कंडक्टर ओळखीचा. त्याला म्हटलं, सक्करदऱ्याला माझ्या घरी एवढा निरोप दे — प्रेशर झिरो झालं, इंजिन बसलं, मी मागून येतो. मारोतरावला सामानापाशी बसवलं आणि मी वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने कोळशाचा एक ट्रक थांबला. केबिन भरलेली. मी वर कोळशावर बसलो. वाटेत तो दोनदा पंक्चर झाला. वारा, घाम आणि कोळशाची भुकटी! सक्करदऱ्याला उतरलो तेव्हा माझे हात मलाच ओळखू येईनात.

गल्लीत शिरतो तर माझ्याच घरासमोर शामियाना!

जवळ गेलो. खुर्च्यांच्या पाठीवर लाल अक्षरांत 'भैय्याजी'. माझ्या डोक्यात आग. मी बिछायतवाला, आणि माझ्या दारात याच्या खुर्च्या! पण पाय इतके दुखत होते की आधी एका खुर्चीवर बसलो. शेजारच्या अनोळखी गृहस्थाने माझ्यापुढे पाण्याचा गिलास धरला.

"कोणाचं काय आहे इथं?" मी विचारलं.

"रुपराव गेले. भला माणूस होता. जरा तोंडाचा तिखट होता, पण भला."

"कसे गेले?"

"प्रेशर झिरो झालं. गाडी चालवता चालवता, बसल्या जागी. आता प्रेताची वाट पाहतोय."

मी पाणी प्यालो. दुसरं काय करणार? मागे दोघं बोलत होते — रुपरावच्या सतरंज्या स्वच्छ असत. हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मी आणखी जरा ऐकत बसलो.

मग भैय्याजी दिसला. खांब धरून उभा. डोळे सुजलेले, गळ्यात उपरणं, आणि रडता रडता आपल्या माणसांना ओरडत होता, "रस्सी ताणा रे! रुपरावले ढिला शामियाना खपत नव्हता!"

इतक्या वर्षांत या माणसाने माझं एवढं लक्षात ठेवलं! उठून त्याच्याकडे जावं असं मनात होतं. पण तेवढ्यात त्याच्या माणसाने कोपऱ्यातला खुंटा आतल्या बाजूला तिरपा ठोकायला घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं —

"अरे बह्याडा! बाहेर तिरपा ठोक! एका वाऱ्यात खाली येईन सगळं!"

सगळा शामियाना वळला. भैय्याजी पांढराफटक. "हा आवाज तं…"

प्रयागबाई आत्याने मला पाहिलं, "भूत, भूत!" म्हणून किंचाळली आणि तुळशीमागे जाऊन बसली. पळापळ झाली. दोन खुर्च्या मोडल्या, त्याच्याच. भैय्याजी मात्र जागचा हलला नाही. हळूच आला, माझ्या गालावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला कोळसा पाहिला. मग अशी मिठी मारली की त्याचा पांढरा सदरा काळा झाला. लगेच मला ढकलून दिलं.

"जिता आहे तं सांगाचं नाही? मी सकाळपासून रडून राहिलो गा! घरी माही बायको रडून राहिली!"

"मी काय सांगू? मले तं आत्ताच समजलं मी मेलो म्हणून!"

तेवढ्यात यमु बाहेर आली. कपाळावर कुंकू तसंच. मला वाटलं, बाईला काही सुचलंच नसेल. तिने पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवली. "आंघोळ करा, न् निघा. नानाजींच्या घरी लग्न आहे. भैय्याजींची गाडी उभीच आहे."

भैय्याजीने माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे. चपला कोळशाने दिसतच नव्हत्या.

"चाल," तो म्हणाला.

मातीला आलेली माणसं घरी जाईनात. म्हणाली, आलोच आहो तं हात लावतो. शामियाना सोडून गाडीत टाकला, पाच-सहा जण मागे चढले. पाचगावला मारोतराव सर्वांत मोठ्या गंजात अंगाची घडी करून झोपला होता. त्याला काढलं, गंज इकडून तिकडे चढवले, पिकअप दोराने मागे बांधली आणि दिवस मावळता मावळता उमरेडला पोचलो. आम्हा दोघांना एका गाडीतून उतरताना पाहून नानाजी घाबरले. "काहून गा, कोणी गेलं काय?"

"गेलता," भैय्याजी म्हणाला. "वापस आला."

काल लग्न झालं. त्याचा शामियाना, माझी भांडी. पंगतीत आम्ही शेजारी बसलो. तो म्हणाला, "खुंट्याचं बरोबर होतं तुह्यं." एवढंच. बास.

१६ मे

आज धोंडबाने एकदाचं चेंबर उघडलं. क्रँकचं बेअरिंग जळून चिकटलेलं. पंप मात्र ठणठणीत! मग ऑइल का चढलं नाही? धोंडबाने पंपाच्या तोंडाची जाळी काढून उन्हात धरली. काळ्या बारीक दाण्यांनी गच्च भरलेली. म्हणे, "लोखंडाचा चुरा आहे." तो चुरा बोटाने चुरगळेना. भैय्याजीने दाणा चिमटीत धरला, वास घेतला, आणि दाताखाली टाकला!

"सब्जा आहे," तो म्हणाला.

घरी आलो. आत्याला विचारलं. तिला मुळीच लाज नाही! "तूच म्हणत होता एप्रिलमंदी, गाडी भलती गरम होऊन राहिली म्हणून. तू दुपारी झोपला होता. झाकण उघडून दोन मुठी टाकला. गरमीले सब्जा नाही तं काय द्याचं?"

"आत्या, ते ऑइलचं तोंड आहे!"

"मले काय मालूम? तोंड होतं, दिलं."

भैय्याजी ओट्यावर बसून इतका हसला की त्याला उचकी लागली. आत्याने त्यालाही सब्ज्याचं सरबत दिलं. तो प्याला. मी नाही.

२३ मे

क्रँक घासून आला. नवीन बेअरिंगं, नवीन जाळी. धोंडबा सगळ्यांना सांगत फिरतो की त्याला पहिल्या दिवसापासून जाळीचाच संशय होता.

भैय्याजी संध्याकाळी रोज येतो. चहा घेतो. भांडतो. जातो. आज त्याने हळूच विषय काढला — दोन गाड्या, दोन शामियाने, एकत्र केलं तर? मी म्हटलं, बोर्ड? तो म्हणाला, बोर्ड नकोच!

२ जून

इंजिन सुरू झालं. काटा चाळिसावर. उन्हातून पाचगावपर्यंत नेऊन आणली. चाळीस! आत्याला गाडीपासून लांब बसवलं आहे.

४ जून, रविवार

चौकात एसटीचा तो कंडक्टर भेटला. मी त्याला धरलंच — "काहून गा, जित्या माणसाले मारतं?" तो गडबडला. म्हणाला, "मी तं बाईले नीट सांगतलं होतं. रुपराव धडधाकट आहे, गाडीचं इंजिन बसलं. बाईनं मले पुन्हा एकदा विचारून घेतलं, न् चहा पाजला."

घरी आलो. यमु डाळ निवडत होती. विचारलं. तिने मान वर केली नाही.

"मेले असं मी म्हटलंच नाही. भैय्याजींच्या दारात गेली, 'ह्यांचं प्रेशर झिरो झालं' एवढंच म्हटलं, न् रडली. दुसरं काही सांगून ते उठले असते काय?"