पेपर लँटर्नची पाकिटं

माउंट आयसा, ३ मे १९९४

ती. नोरीनताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे मी, जूडी आणि पोरं खुशाल. खाणीतलं काम चालू आहे आणि मे उजाडला, हिवाळा तोंडावर आला तरी पंखा बंद करता येत नाही. तुम्ही तिकडे दक्षिणेच्या थंडीत शेकोटीला लाकडं घालत असाल.

पत्राला कारण आईचा वाढदिवस. जूनमध्ये सत्तरी, मी सहकुटुंब येतोय. जेवायला काय करायचं ते मी ठरवलंय : पेपर लँटर्न! त्याच गं, पाकिटातल्या चायनीज नूडल्स. पाणी उकळायचं, पुडी सोडायची, मूठभर कोबी, आणि वरून तळून फुगवलेल्या कुरकुरीत नूडल्स. टोस्टवर घालून खायचो. पण इथल्या एकाही दुकानात पाकीट मिळेना. दुकानदार म्हणाला, ते बंद होऊन जमाना झाला, कुठल्या जगात राहता! माझं डोकंच चालेना. इतकी चांगली वस्तू कुणी बंद करतं का? तुमच्या गीव्हस्टनच्या जुन्या दुकानात मागे कुठे एखादं पडलंय का, बघशील?

जूडीला वाटतं मी वेडा झालोय. तिला काय कळणार! आपल्या घरी तो सणाचा दिवस असायचा.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तर मी नाही म्हणणार नाही.

तुझा,
डेस

---

गीव्हस्टन, ११ मे

चि. डेस यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि कढई चुलीवरच विसरले. सण? कसला सण रे बाबा?

बाबा आठवडाभर लाकूडतोडीच्या तळावर असायचे. आई मधूनच अंथरुणाला खिळायची. पडदे ओढून, भिंतीकडे तोंड करून. आईचं डोकं दुखतंय, असं मी तुला सांगायचे. तिला काय व्हायचं ते मला अजूनही धड सांगता येत नाही. त्याच दिवशी पाकीट फुटायचं, कारण दहा वर्षांच्या पोरीला तेवढंच रांधता यायचं. तू टेबलावर चमचा आपटत गाणी म्हणायचास आणि मी दाराकडे बघत बसायचे. चव मलाही आवडायची. त्याचाच तर राग येतो. खरं सांगते, मला काही उमगत नाही.

ते ताट सत्तरीला आईपुढे ठेवणार तू? तिला ते सगळं पुन्हा आठवेल. आता कुठे ती बरी आहे. बागेत जाते, शेजारणींना टोमणे मारते. तिच्यापाशी या पाकिटांचा शब्दही काढू नकोस. मी मटण भाजेन, सोबत बटाटे. जूडीला आणि पोरांना आशीर्वाद.

माया आहे, म्हणूनच रागावते. समजून घे.

तुझी,
ताई

---

माउंट आयसा, १७ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घोटाळा झाला. तुझं उत्तर हाती पडायच्या आदल्याच दिवशी मी आईलाही पत्र टाकलं होतं. पाकीट मिळत नाही, तर त्यात काय काय असायचं ते तूच सांग, असं विचारलं. वर सणाचं सगळं वर्णनही केलं.

मला कसं काही आठवत नाही गं? पडदे आठवत नाहीत, बंद दारही नाही. आठवतं ते एवढंच, की शेवटच्या कुरकुरीत नूडल्सवरून आपण भांडायचो आणि तू मला जिंकू द्यायचीस. तेव्हा मी खूश होतो, ताई. आता वाटतं, तसं असणं चुकलंच की काय. आईला फोन करायला रिसीव्हर उचलतो आणि परत ठेवतो. तूच सांभाळ तिला.

आहे तसाच गोड मानून घे.

तुझा,
डेस

---

गीव्हस्टन, २३ मे

चि. डेस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा नोरीन इथेच होती. तिला वाचायला दिलं तर ही रडायलाच लागली. मला काही कळेना. मग तिने तुमच्या पत्रापत्रीचं सगळं सांगितलं. सत्तर वर्षांच्या बाईपासून लपवाछपवी करता होय रे गाढवांनो?

ती पाकिटं मीच आणून ठेवायचे. मला उठता आलं नाही तर तुमच्या पोटात काहीतरी जावं म्हणून. दुकानात ती घेताना मान खाली जायची. भिंतीपलीकडून तुमचा आवाज यायचा. मला वाटायचं, पोरं रडताहेत. मी उशीत डोकं खुपसायचे. उठून बघायचं बळ नव्हतं. आणि तू लिहितोस, गाणी म्हणायचो. खरंच हसत होतात का रे? इतकी वर्षं मी कशासाठी झुरले मग? हसावं की तुम्हा दोघांना फोडून काढावं, तेच समजत नाही. नोरीनला मात्र जवळ घेऊन बसले बराच वेळ. एवढीशी होती रे ती.

तू विचारतोस, त्यात काय काय असायचं. बाळा, मला माहीत नाही. मी ते कधी खाल्लंच नाही.

नोरीन म्हणते, साध्या नूडल्स आणून जमवून बघते, मटण राहू दे. तुम्ही सगळे या. या वेळी मलाही वाढा. मी टेबलाशी बसेन.

वाट बघते.

तुझी,
आई