गाडीचा दमा

बाबा,

मी बसने जातेय. गाडी दारात बॉनेट उघडं टाकून उभी आहे. तिला हात लावू नका, अजून वास मारतेय.

महिनाभर तुम्ही येईल त्याला सांगत सुटलात, की पोरीने रेस देऊन देऊन गाडीला दमा लावला. आज सकाळी इंजिन बंद ठेवून नुसता एसीचा पंखा लावला, तरी घरघर चालूच. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, आणि माझाही काही दोष नाही. वायपरखालची जाळी काढली, तर पंख्यात उंदराने संसार थाटलेला! शी! उंदीर मरून सडलाय आणि त्याचं अंथरूण म्हणजे तुमच्या सिगारेटची थोटकं. रोज संध्याकाळी काच पुसायला जाता, ते जाळीतून थोटकं आत सारायला होय? ऑपरेशननंतर माझी शपथ घेऊन सोडली होतीत ना?

सगळं चिमट्याने काढलंय. हात तीनदा धुतले. उंदरामुळे की तुमच्यामुळे, ते विचारू नका.

आईला फक्त उंदीर सांगितलाय. दुपारी मी परत येतेय, तयार राहा, डॉक्टरांकडे जायचंय. तुमची घरघर कुठून येते, ते शोधायला बॉनेट उघडावं लागत नाही.

— थोरली