बुधवारचा फोन

६ फेब्रुवारी २००५, रविवार

हे घर मला आवडलं! इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीला दाराशी एवढी कोथिंबीर, एवढी शेवंती कुठली बघायला मिळणार? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी अंगणातून दिसतात. पानांवर बारीक राख बसते. सासूबाई म्हणतात, धुतलं की झालं. त्यांचं नाव भागीबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. घरात आम्ही दोघीच. हे लग्नापुरती रजा घेऊन आले होते, परवा परत गेले. आफ्रिकेत, कांगोला, शांतिसेनेच्या तुकडीत. जेमतेम आठ दिवसांचा संसार. पण दर रविवारी चारला फोन येतो म्हणे. मी फोनवर घालायला क्रोशाचं झाकण विणायला घेतलंय.

२० फेब्रुवारी, रविवार

आज यांचा फोन आला. मागे जवानांची रांग असते, म्हणून थोडकंच बोलता येतं. आवाज उशिरा पोचतो. मी बोलायला लागते तेव्हाच हेही बोलतात, मग दोघंही गप्प. काळ्या खडकावर तंबू टाकलेत म्हणाले. दिवसभर ट्रकांबरोबर रस्त्यावर, परत आलं की पाण्याच्या टाकीवर पहारा, मग बूट न काढताच आडवं व्हायचं. तिथली पोरं तारेपलीकडून ‘इंडिया, इंडिया’ ओरडतात. रोज तीच डाळ. टोमॅटोला काय भाव मिळाला ते विचारलं. मी कशी आहे ते विचारलं नाही. फार दमलेले वाटले. मीही पहाटेपासून कोथिंबिरीच्या जुड्या बांधून दमले होते, म्हणून रडायचं राहून गेलं.

२ मार्च, बुधवार

आज अचानक यांचा फोन! आवाज इतका स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीतून बोलतायत. अडखळणं नाही, घाई नाही. मी काय रांधलं, बोटं चिरलीत का, माहेरची आठवण येते का, सगळं माझं नाव घेऊन विचारलं. मग आत्याबाईंना गाईचं नाव विचारलं. विसरलो म्हणाले. त्या हसत हसत सांगतच सुटल्या. हे लहानपणी विहिरीत पडले होते, तेही सांगून झालं. आज भाकरीसुद्धा गोड लागली.

६ मार्च, रविवार

यांना बुधवारचं बोलले. म्हणाले, मी फोन केलाच नाही, आठवडाभर रस्त्यावरच होतो. आधी मला थट्टा वाटली. मग हे चिडले. कुणाचा तरी चुकून लागला असेल म्हणाले. चुकून लागलेल्या माणसाला माझं नाव कसं माहीत?

१६ मार्च, बुधवार

पुन्हा आला. आत्याबाईंनी घेतला. विहिरीत पडल्याची गोष्ट आज त्यानेच त्यांना सांगितली, त्यांच्याच शब्दांत. त्या पदराने डोळे पुसत होत्या. मग त्याने विचारलं, कुत्रं कुठे बांधता, मागच्या दाराला आतून कडी आहे का, आणि वाळूचे वडील गेले तेव्हा घरात कोण कोण होतं.

वाळू म्हणजे हेच. स्वतःच्या वडिलांना कुणी ‘वाळूचे वडील’ म्हणतं का?

२० मार्च, रविवार

यांना सगळं सांगितलं. यांनी विचारलं, “आवाज माझाच?” मी हो म्हटलं. म्हणाले, त्याला काही सांगू नका, आईला दे. आत्याबाईंनी फोन हातातच घेतला नाही.

“रविवारचा त्यो लबाड हाय. माझा वाळू असा तोडून बोलत नाय कधी. बुधवारी बोलतो त्योच माझा.”

त्या आई आहेत. मी आठ दिवसांची बायको, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? रविवारचा आवाज थकलेला, परका. बुधवारचा मायेचा. यांच्यासारखा कुठला, हे मला खरंच सांगता येत नाही.

३० मार्च, बुधवार

रजा मंजूर झाली म्हणाला. रविवारी येतो.

मी विचारलं, निघताना नाशिकरोड स्टेशनवर मला काय म्हणाला होतात? तो हसला. “तूच सांग ना. तुझ्या आवाजात ऐकायचंय.”

मी फोन ठेवला. तो वाजतच राहिला. शेवटी आत्याबाईंनी उचलला.

१ एप्रिल

माहेरी जाते म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, नवरा यायच्या वक्ताला? गावभर सांगून झालंय. सगळे पेढे मागतायत. कुणाला काय सांगू? झोप नाही. जुडी बांधता बांधता हात थांबतो आणि मी नुसती फोनकडे —

३ एप्रिल, रविवार

आला.

रिक्षा नाही, बस नाही. बांधावरून चालत आला. चेहरा तोच. गणवेश कोरा, बुटांना मातीचा कण नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतोय, आत येऊ का.

आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. पायांवर तांब्याभर पाणी घातलं. पाय ओले झाले नाहीत. मी ओरडले, आत्याबाई, थांबा. त्यांना दिसतच नव्हतं, डोळे भरून आलेले. “ये रं बाळा, ये आत.”

मी मधल्या खोलीत. कडी लावलीय.

बाहेर आधी हसणं. मग आत्याबाईंनी एकदाच त्याचं नाव घेतलं, विचारल्यासारखं. मग काही नाही.

चार वाजले. फोन वाजतोय. हेच असणार, हेच — पण फोन बाहेर आहे. आत्याबाईंना हाका मारल्या. ओ देत नाहीत.

बाहेर फोन उचलला गेला.

बाई बोलतेय कुणीतरी. हो, सगळं बरं आहे. कुणीसुद्धा आलं नाही. आत्याबाई निजल्यात. तुम्ही दमला असाल, पडा जरा —

माझा आवाज. तो माझा आवाज आहे. मी दार बडवतेय, ओरडतेय, अहो ती मी नाही — पण तोंडातून काही

तोंडातून